वेशीबाहेर कोण राहते?

मुरुड हे दापोली तालुक्यातील समुद्रकाठचे गाव. एका अंगाला वाळूचा लांबलचक किनारा, दुसऱ्या अंगाला जांभ्या दगडाचा डोंगर आणि या दोहोंमधल्या चिंचोळ्या पट्टीत नारळी-पोफळीच्या वाड्या, कौलारू घरे, विहिरी आणि दुर्गादेवीचे देऊळ. महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे बालपण येथे गेले, म्हणून महाराष्ट्राला हे गाव परिचित आहे. अलीकडे त्याची ओळख आणखी एका कारणाने झाली आहे. पुण्या-मुंबईची, तशीच आपल्या वसईचीही कुटुंबे सुट्टीत मुरुड, कर्दे, हर्णै, आंजर्ले या किनाऱ्यांवर विसाव्यासाठी जातात.

पाहुणे दोन दिवस राहतात आणि परततात. पाण्याच्या बाटल्या, खाऊची वेष्टने, पिशव्या आणि लहान मुलांची लंगोट म्हणून वापरून फेकलेली डायपरे मागे राहतात. त्यांचे काय करायचे, हा प्रश्न वरवर पाहता ग्रामपंचायतीचा, म्हणजे घंटागाडीचा आणि निधीचा वाटतो. आम्हांस मात्र तो प्रथम नीतीचा प्रश्न वाटतो. आपल्याला नकोशी झालेली वस्तू दुसऱ्याच्या दाराशी नेऊन ठेवण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला?

कोकणातल्या जुन्या घराला हा प्रश्न क्वचितच पडत असे. शेण आणि पालापाचोळा खताच्या खड्ड्यात जाई, करवंट्या आणि सोडणे न्हाणीच्या चुलीत जात, झावळ्यांची झापे विणली जात, उष्टेखरकटे गुरांच्या वाट्याला येई. उरलेसुरले परसातल्या उकिरड्यावर पडे. त्या उकिरड्यात एक मूक न्याय होता. तो ज्याचा त्याच्याच परसात असे, आणि त्याची दुर्गंधी प्रथम मालकाच्याच नाकाशी येई. उकिरड्याची दैना बारा वर्षांनी फिटते, अशी आपल्याकडे म्हण आहे. जे टाकले त्याचे कालांतराने खत होते, हा अनुभव तिच्या मुळाशी आहे. प्लॅस्टिकने हा अनुभव मोडीत काढला. आजच्या उकिरड्याची दैना बारा वर्षांत फिटत नाही, आणि तो आपल्या परसातही राहिलेला नाही.

येथे कायदा पुढे येतो. अल्मित्रा पटेल यांनी १९९६ साली सर्वोच्च न्यायालयात याचिका दाखल केली. त्या खटल्याच्या ओघात केंद्र सरकारने २००० साली शहरांच्या कचऱ्याविषयी नियम केले आणि २०१६ साली त्यांच्या जागी अधिक व्यापक नियम आणले. २०१६ च्या नियमांनी भरावभूमीसाठी, म्हणजे कचरा कायमचा पुरण्याच्या जागेसाठी, अंतरे ठरवून दिली. नदीपासून १०० मीटर; तळे, महामार्ग, वस्ती आणि पिण्याच्या पाण्याची विहीर यांपासून २०० मीटर; विमानतळापासून २० किलोमीटर. पूररेषेत, पाणथळ जागी आणि समुद्रकिनाऱ्याच्या नियमन क्षेत्रात भरावभूमीस त्यांनी परवानगीच ठेवली नाही. तळाशी पाणी न झिरपणारा थर हवा होता, कचऱ्यातून पाझरणारे काळे पाणी गोळा करण्याची सोय हवी होती. जागा २० ते २५ वर्षे पुरेल एवढी हवी होती, आणि ती बंद केल्यावरही निदान १५ वर्षे तिची देखरेख करायची होती.

हे नियम शहाणपणाचे होते. त्यांतली वर्षे तेवढी एकदा मोजून पाहावीत. पंचवीस आणि पंधरा मिळून चाळीस. ज्या बालकाचा आज बाप्तिस्मा झाला, ते चाळिशीला पोहोचेपर्यंत आजच्या ठरावाचा भार वाहणार आहे, आणि ठरावाच्या वेळी त्याला मत नसते.

आता मुरुडसारख्या गावाचा नकाशा समोर ठेवावा. प्रत्येक घराभोवती, प्रत्येक विहिरीभोवती २०० मीटरचे वर्तुळ काढावे आणि किनाऱ्याचे क्षेत्र वगळावे. वाड्यावाड्यांनी पसरलेल्या गावात ही वर्तुळे एकमेकांत मिसळतात आणि सपाटीवर मोकळी जागा जवळजवळ उरत नाही. डोंगरावर जावे, तर जांभा सच्छिद्र असतो. या भागात पावसाळ्याच्या चार महिन्यांत तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. माथ्यावर जे पडून राहील, त्याचा अंश पऱ्यांतून आणि खडकाच्या भेगांतून खाली वाडीतल्या विहिरींकडे येणार. शेजारच्या किनाऱ्यावरच्या गावांचा नकाशाही फारसा निराळा नाही. म्हणजे कायदा काटेकोरपणे पाळू गेल्यास या पट्टीत टाकण्याची जागाच नाही, असे उत्तर येते.

या उत्तरातून दोन वाटा निघतात. एक, टाकण्याजोगे फारच थोडे उरेल असे जगणे. दुसरी, जेथील लोकांचा आवाज दुबळा आहे असे गाव शोधणे. दुसरी वाट सोपी आहे, आणि मोठ्या शहरांनी बहुधा तीच धरली.

मुंबईने १९२७ पासून आपला कचरा देवनारला नेला. त्या वेळी देवनार शहराबाहेर होते. पुढे तेथे गरिबांच्या वस्त्या उभ्या राहिल्या, आणि जानेवारी २०१६ मध्ये त्या डोंगराला आग लागली तेव्हा धुरामुळे परिसरातल्या शाळा बंद ठेवाव्या लागल्या. पुण्याचा कचरा कित्येक वर्षे उरुळी देवाची आणि फुरसुंगी या गावांच्या हद्दीत पडत आला. तेथील विहिरींचे पाणी नासले, गावे टँकरवर आली. २०१७ च्या एप्रिलमध्ये आग लागली आणि ग्रामस्थांनी गाड्या अडवल्या. त्यानंतर काही आठवडे पुण्याच्या रस्त्यांवर जे साचले, ते त्या गावांनी वर्षानुवर्षे पाहिलेले होते. त्याच वर्षी ती गावे पुणे महापालिकेत घेतली गेली, आणि पुढे २०२४ साली त्यांच्यासाठी वेगळी नगरपरिषद करण्यात आली. हद्दीची रेघ आत आली, बाहेर गेली. विहिरीला त्याचा पत्ता नव्हता.

‘वेशीबाहेर’ हा शब्द मराठीत निरागस नाही. गावाने आपली घाण वेशीबाहेर टाकली आणि ती उचलणाऱ्या माणसांनाही गावकुसाबाहेरच राहावयास लावले. जी वस्तू नकोशी ती दूर, आणि तिला हात लावणारा माणूसही दूर, असा हा दुहेरी बहिष्कार होता. बहिष्काराची ही सवय किती आंधळी असते, याचा दाखला मुरुडच्याच इतिहासात आहे. १८९३ साली कर्व्यांनी गोदूबाई या विधवेशी विवाह केला, तेव्हा गावाने त्यांना वाळीत टाकले. पुढे १९५८ साली त्यांना ‘भारतरत्न’ मिळाले, आणि आज गाव त्यांचे नाव अभिमानाने सांगते. वेशीबाहेर काय जावे हे ठरवणाऱ्यांचा निर्णय न्याय्य असतोच असे नाही.

पवित्र शास्त्र या बाबतीत आपल्याला स्वस्थ बसू देत नाही. लेवीय पुस्तकाच्या सोळाव्या अध्यायात साऱ्या समाजाची पापे एका बोकडावर लादून त्याला रानात सोडून देण्याचा विधी सांगितला आहे. नव्या करारात इब्री लोकांस लिहिलेले पत्र त्या विधीच्या दिवसाची आठवण करून देत म्हणते की, प्रभू येशूने वेशीबाहेर दुःख सोसले, आणि आपणही त्याच्याकडे तेथेच जावे. ज्या ठिकाणाकडे आपण पाठ फिरवतो तेथे ख्रिस्त उभा आहे, असे मानणाऱ्या माणसाला कचऱ्याच्या गाडीमागे दार लावून मोकळे होता येत नाही. अनुवादाच्या तेविसाव्या अध्यायात तर अगदी साधी आज्ञा आहे. छावणीतल्या प्रत्येकाने जवळ खणण्याचे साधन बाळगावे आणि आपली घाण आपण झाकावी, कारण परमेश्वर छावणीतून चालत असतो. साधन ज्याचे त्याच्याजवळ असावे, हा या आज्ञेतील महत्त्वाचा भाग आहे.

येथे एक रास्त आक्षेप येतो. प्रत्येक गाव ‘येथे नको’ म्हणू लागले, तर उरलेले कोठे जाईल? कितीही काटकसर केली तरी काही ना काही उरणारच. कोणीतरी ते सोसलेच पाहिजे. आक्षेप खरा आहे. केवळ नकार ही नीती नव्हे. पुष्कळदा तो स्वार्थाचाच दुसरा चेहरा असतो. पण उरलेले सोसावयास कोणाला सांगण्यापूर्वी ते खरोखरच ‘उरलेले’ आहे, हे सांगणाऱ्याने सिद्ध केले पाहिजे. भाताचे शीत, केळीची साल, काचेची बाटली आणि निकामी झालेला विजेरीचा सेल एकाच पिशवीत कोंबून जे शेजारच्या गावी पाठवले जाते, ते उरलेले नसते. तो आपला आळस असतो. भरावभूमीत जे कुजत नाही, जळत नाही आणि पुन्हा वापरता येत नाही तेवढेच जावे, असे २०१६ च्या नियमांनीही सांगितले होते.

आणि ते उरेल तेव्हा, ज्यांनी सोसायचे त्यांना आधी विचारले पाहिजे. ग्रामसभेपुढे खरी माहिती ठेवून त्यांची संमती घेतली पाहिजे. लाभ घेणाऱ्यांनी खर्चाचा मोठा वाटा उचलला पाहिजे. किनारी गावात लाभ घेणारे म्हणजे खोली भाड्याने देणारा आणि खोलीत राहणारा, दोघेही. खोलीचे पैसे मोजले म्हणजे मागे टाकलेल्या बाटलीचेही मोजले, असा पाहुण्याचा समज असतो. वास्तविक तो हिशेब कोणी केलेलाच नसतो.

ख्रिस्तसभेच्या सामाजिक शिकवणुकीत यासाठी एक सूत्र आहे. पोप पायस अकरावे यांनी १९३१ साली ते स्पष्ट मांडले. लहान घटकाला जे करता येते ते मोठ्या घटकाने त्याच्याकडून काढून घेऊ नये. हे सूत्र आपण नेहमी अधिकाराच्या अंगाने वाचतो. ते कर्तव्याच्या अंगानेही वाचता येते, असे आम्हांस वाटते. घराला जे करता येते ते घराने गावावर ढकलू नये. गावाला जे करता येते ते गावाने शेजाऱ्यावर ढकलू नये. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९९० च्या शांतिदिनाच्या संदेशात सृष्टीचा प्रश्न नीतीचा म्हणून मांडला. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ च्या ‘लाउदातो सी’ या परिपत्रकात वस्तू फेकणारी संस्कृती माणसांनाही फेकून देते, असा इशारा दिला. देवनार आणि फुरसुंगी पाहिल्यावर त्या इशाऱ्यासाठी निराळा पुरावा लागत नाही.

हे सारे उपदेशापुरतेच खरे, असे कोणी म्हणू नये. मुरुडच्या दक्षिणेस, सिंधुदुर्गात, वेंगुर्ले हे छोटे शहर आहे. तेथे २०१५ च्या सुमारास मुख्याधिकारी रामदास कोकरे यांच्या पुढाकाराने घरोघर कचरा वेगवेगळा देण्यास आरंभ झाला. ओल्या कचऱ्यापासून गॅस निघू लागला, प्लॅस्टिकचे तुकडे रस्त्याच्या डांबरात गेले आणि पूर्वी जेथे नाक धरून जावे लागे ती जागा पाहण्यासाठी परगावचे लोक येऊ लागले. या कामात यंत्रापेक्षा कठीण भाग होता तो घरातल्या हातांना सवय लावण्याचा.

आता आपल्याकडे वळू. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्यासोबत वसईची माणसे हिरव्या पट्ट्यासाठी आणि विहिरींच्या पाण्यासाठी रस्त्यावर उतरली. आमचे पाणी, आमची जमीन कोणी हिरावून घेऊ नये, ही ती मागणी न्याय्य होती. तीच मागणी गोखिवऱ्याच्या कचराभूमीजवळ राहणाऱ्या माणसाने आपल्याकडे केली, मुरुडच्या वाडीतल्या विहिरीच्या मालकाने केली, तर तिचे वजन कमी होते काय? न्याय मागणाऱ्याचा प्रामाणिकपणा, तोच न्याय दुसऱ्याने मागितल्यावर कळतो.

प्रत्येक धर्मग्रामाला काही गोष्टी उद्यापासून करता येतील. सणाच्या जेवणावळीत पत्रावळी किंवा धुऊन वापरायची ताटे असावीत. २ नोव्हेंबरला दफनभूमीत फुले न्यावीत, त्यांचे प्लॅस्टिकचे वेष्टन नेऊ नये. सहलीला जाताना जे न कुजणारे सोबत नेले ते सोबतच परत आणावे. आणि आपल्या गल्लीतून कचरा उचलणाऱ्या माणसाचे नाव आपल्या मुलांना ठाऊक असावे.

पाच भाकरी आणि दोन मासे यांची गोष्ट आपण पुष्कळदा ऐकतो, आणि आपले लक्ष पाच हजारांच्या तृप्तीवर खिळते. योहानाने पुढे आणखी एक तपशील नोंदवला आहे. सर्वांचे पोट भरल्यावर, काही वाया जाऊ नये म्हणून, उरलेले तुकडे गोळा करण्यास प्रभूने शिष्यांना सांगितले, आणि बारा टोपल्या भरल्या. हजारोंना जेवू घालणाऱ्याला त्या तुकड्यांची गरज नव्हती. तरीही गवतावर तुकडे टाकून तो पुढे निघून गेला नाही. ज्यांनी वाढले, त्यांच्याच हातांनी त्याने ते उचलून घेतले.