प्रेक्षक धृतराष्ट्र आणि प्रेक्षक संजय

श्रीमद्भगवद्गीतेचा आरंभ योद्ध्याच्या उद्गाराने होत नाही, ही गोष्ट नित्य पाठ करणाऱ्याच्याही सहसा ध्यानी येत नाही. पहिला प्रश्न आहे तो रणांगणापासून दूर बसलेल्या धृतराष्ट्राचा. हातात शस्त्र नाही, डोळ्यांना दृष्टी नाही. तरीही ‘माझे’ आणि ‘पंडूचे’ हा भेद त्याच्या पहिल्याच वाक्यात आला आहे.

आजच्या क्रीडारसिकाची स्थिती याहून फारशी निराळी नाही. चेंडू त्याने टाकावयाचा नसतो, बॅट त्याच्या हाती नसते. तथापि संघ हरला की तो म्हणतो, ‘आपण हरलो.’ त्या रात्री अन्न गोड लागत नाही आणि घरातील मुले विनाकारण बोलणी खातात. देहही यातून सुटत नाही. २००६ सालच्या फुटबॉल विश्वचषकात जर्मन संघाचे सामने असत त्या दिवशी म्यूनिक परिसरात हृदयविकाराचे तातडीचे रुग्ण अडीच पटींहून अधिक झाल्याचे तेथील वैद्यांनी नोंदविले आहे.

१३ मार्च १९९६ रोजी कलकत्त्याच्या ईडन गार्डन्सवर क्रिकेट विश्वचषकाचा उपान्त्य सामना होता. श्रीलंकेच्या २५१ धावांना उत्तर देताना १ बाद ९८ अशा सुस्थितीतून भारताची पाहता पाहता ८ बाद १२० अशी अवस्था झाली. प्रेक्षकांनी बाटल्या फेकल्या, आसनांच्या रांगांतून आगी लावल्या. अखेर सामनाधिकारी क्लाइव्ह लॉईड यांना खेळ थांबवून विजय श्रीलंकेस द्यावा लागला. नाबाद राहिलेला विनोद कांबळी रडत परतला. ज्यांना आपले मानले त्यांचा डावही या प्रेमाने पुरा होऊ दिला नाही! चिंतनापासून आसक्ती, आसक्तीतून कामना, कामनेतून क्रोध आणि शेवटी बुद्धिनाश ही दुसऱ्या अध्यायातील उतरंड तेथे एका सायंकाळीच उतरून झाली.

म्हणून खेळ पाहूच नये, असे एखादा विरक्त म्हणेल. ते ग्राह्य वाटत नाही. कारण गीतेत दुसराही एक प्रेक्षक आहे. संजय धृतराष्ट्राच्याच पदरी असलेला, तोही शस्त्र न धरलेला. पण अठराव्या अध्यायाच्या शेवटी त्याला पुनःपुन्हा हर्ष होतो, अंगावर रोमांच उभे राहतात. आणि विजय कोणत्या पक्षी आहे, हे तो आपल्या धन्यालाच निर्भीडपणे सांगतो. समत्व म्हणजे दगडासारखे बसणे, हा समज त्याच्याकडे पाहून दूर व्हावा. साधकाने सामना पाहताना एवढेच तपासावे की प्रतिपक्षाच्या उत्तम खेळाला आपला हात टाळीसाठी उठतो की नाही.

चेन्नईच्या चेपॉक मैदानावर तो उठला होता. ३१ जानेवारी १९९९ रोजी पाकिस्तानविरुद्धची कसोटी भारताने अवघ्या १२ धावांनी गमावली. पाठदुखी सोशीत सचिन तेंडुलकरने १३६ धावा केल्या. तो बाद झाला तेव्हा विजयास १७ धावा उरल्या होत्या, आणि उरलेले तीन गडी ४ धावांत गेले. मैदान क्षणभर निःशब्द झाले. मग लोक उभे राहिले, टाळ्या सुरू झाल्या, आणि पाकिस्तानी खेळाडूंनी मैदानाला फेरी घालून त्या मानवंदनेचा स्वीकार केला. दुःख त्या लोकांनाही झालेच होते. कित्येकांचे डोळे ओले असतील. हात मात्र टाळ्या वाजवीत होते.