जशी आहे तशी

बोट घेतली म्हटल्यावर आपली मराठी मंडळी पहिला प्रश्न विचारतात, "केवढ्याला पडली?" आणि दुसरा, "मेंटेनन्स किती?" पहिल्याचे उत्तर सोपे आहे. १९७४ साली बांधलेली, तीस फूट लांबीची, आत चार माणसे झोपू शकतील अशी ही शिडाची बोट आम्ही २००४ साली मेरीलँडमध्ये घेतली ती एका वापरलेल्या टोयोटाच्या किमतीत. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर अमेरिकन लोकांनी तयारच ठेवले आहे. बी-ओ-ए-टी म्हणजे म्हणे 'ब्रेक आऊट अनदर थाउजंड', काढा आणखी एक हजार!

तिसरा प्रश्न मात्र मला इतक्या वर्षांत कोणी विचारला नाही. आता सत्तरी आली, गुडघे कुरकुरू लागले, बोट विकायचे ठरले, तेव्हा तो माझा मलाच पडला. जे कोणाला दिसत नाही, जे फक्त मला माहीत आहे, ते घेणाऱ्याला सांगायला मी बांधील आहे का?

"त्यात विचार कसला करायचा? सांगावे, झाले!" असे ज्यांना वाटत असेल त्यांनी बहुधा कधी जुनी गाडी विकलेली नसावी.

जुन्या बोटीत काय काय दिसत नाही, ते आधी सांगायला हवे. फायबरग्लास कुजत नाही. कार्ल अल्बर्गने आरेखन केलेली 'ट्रायटन' ही बोट १९५९ साली न्यूयॉर्कच्या बोट शोमध्ये लोकांसमोर आली. त्या जातीच्या बोटी अजून पाण्यावर आहेत. पण डेकची गोष्ट वेगळी. डेक म्हणजे सँडविच असते. वर-खाली फायबरग्लासचे पातळ थर आणि मध्ये बाल्सा नावाचे हलके लाकूड. डेकवरची प्रत्येक वस्तू बोल्टने बसवलेली, म्हणजे प्रत्येक बोल्टला एक भोक. काही वर्षांनी भोकाभोवतीचे सीलंट सुटते आणि पाणी थेंबाथेंबाने आतल्या लाकडात मुरते. वरून सगळे छान, चकचकीत! मग एक दिवस पाऊल टाकल्यावर डेक किंचित दबतो. अशा वेळी प्लास्टिकची हातोडी घेऊन डेकभर ठोकत फिरायचे. चांगल्या जागी टणक 'टक्' वाजते, कुजलेल्या जागी 'बद्द'. आपल्याकडे माठ घेताना वाजवून बघतात, तसेच.

दुरुस्ती म्हणजे वरचा थर कापून उचलायचा, आतला काळा लगदा खरवडून काढायचा, सगळे वाळू द्यायचे, नवे बाल्सा इपॉक्सीत बसवायचे आणि वरचा थर पुन्हा चिकटवायचा. शिवाय बोल्टचे प्रत्येक भोक मोठे करून इपॉक्सीने भरायचे आणि त्या भरावातून नवे भोक पाडायचे, म्हणजे पुढे सीलंट सुटले तरी पाणी लाकडापर्यंत पोचत नाही. चार चौरस फुटांसाठी आम्ही दोघा नवराबायकोंनी एक अख्खा एप्रिल घालवला. नंतर पाहुणे आले आणि म्हणाले, "काही बदललेलं दिसत नाही हो!" बोटीच्या कामाला याहून मोठी दाद नाही.

तर त्या कुजक्या जागेवर आधीच्या कोणा मालकाने खरखरीत रंगाचा जाड थर देऊन ठेवला होता. झाकली मूठ सव्वा लाखाची! आणि त्याच बोटीत, सिंकखालच्या फळीच्या मागे, दुसऱ्या कोणीतरी पेन्सिलीने लिहून ठेवले होते : "मे १९८८. व्हॉल्व्ह नवीन. ब्राँझ." पाण्याच्या पातळीखाली बोटीला जी भोके असतात त्यांवर हे व्हॉल्व्ह बसवतात. तिथे स्वस्तातले पितळ वापरले तर खाऱ्या पाण्यात त्यातले जस्त निघून जाते, धातू गुलाबीसर आणि ठिसूळ होतो, आणि एखाद्या दिवशी हातात तुटून येतो. या माणसाने ब्राँझ वापरले. ती फळी काढून कोणी बघेल की नाही हे त्याला माहीत नव्हते. मला त्याचे नावही ठाऊक नाही, पण त्या व्हॉल्व्हच्या भरवशावर मी वीस वर्षे निवांत झोपलो.

माझे आजोळ हर्णैचे. तिथे पावसाळ्याच्या तोंडाशी होड्या किनाऱ्यावर ओढून ठेवत. मग डागडुजी चाले. फळ्यांच्या सांध्यांत कापूस ठोकून बसवायचा, माशाचे तेल चोपडायचे, आणि नारळीपौर्णिमेला पुन्हा समुद्र. इथे आम्ही थंडीसाठी नोव्हेंबरात बोट बाहेर काढतो आणि एप्रिलमध्ये लोटतो, एवढाच फरक, असे मी गमतीने म्हणत असे. खरा फरक वेगळा आहे. तिथे सांधा भरणारा आणि त्या होडीतून जाणारा एकाच आळीत राहत. सांधा कच्चा राहिला तर कोणाच्या घरात रडारड होईल, हे ठोकणाऱ्याला ठाऊक असे. इथे बोट विकली की ती कोणत्या राज्यात, कोणाच्या हाती जाईल कोण जाणे. ओळखीच्या माणसाशी सचोटीने वागायला आपल्याला कोणी शिकवावे लागत नाही. पण ज्याचे तोंड पुन्हा बघायचे नाही, त्याचे काय?

हा प्रश्न आजचा नाही. रोमच्या सिसेरोने इ.स.पूर्व ४४ मध्ये, अथेन्सला शिकायला गेलेल्या आपल्या मुलासाठी कर्तव्यावर एक ग्रंथ लिहिला. (मुलगा परदेशी शिकायला गेला की बापाला उपदेशाचा उमाळा येतो, ही रीत किती जुनी आहे पाहा!) त्यात एक घर विकणारा आहे. घराचे लाकूड खराब आहे, ते पडायला आले आहे, आणि हे मालकाखेरीज कोणालाच माहीत नाही. बॅबिलोनचा डायोजेनिस म्हणतो, कायदा सांगेल तेवढे दोष सांगावेत, खोटे बोलू नये. पण न सांगणे म्हणजे लपवणे नव्हे. त्याचाच शिष्य अँटिपेटर म्हणतो, विकणाऱ्याला जे माहीत आहे ते सगळे घेणाऱ्यालाही कळले पाहिजे. सिसेरोचा कौल शिष्याच्या बाजूने पडतो.

मला डायोजेनिस सहजासहजी टाकून देववत नाही. माझ्या एका मराठी मित्राने त्याचीच बाजू मांडली. "अरे, इथे 'ॲज इज' असं लिहून विकतात. जशी आहे तशी! घेणारा सर्व्हेयर लावतो, जुनी म्हणून किंमत पाडून मागतो. धोक्याचा दाम त्याने आधीच वळता केलेला असतो. मग तू परत कशाला सांगायचंस?" मुद्दा बिनतोड वाटतो. पण सर्व्हेयर बोट अर्ध्या दिवसात बघतो, आणि काही उखडून बघत नाही. अहवालात स्वच्छ लिहितो, अमुक भाग पाहता आला नाही. काही गळत्या तर अशा असतात की बोट धक्क्याला बांधलेली असताना थेंब पडत नाही. वारा वाढून ती कलली की मगच पाणी येते. ते फक्त तिच्याबरोबर वर्षे काढलेल्यालाच कळते.

म्हणून मी माझ्यापुरती एक रेघ ओढली. ज्या दोषाची किंमत पुढच्याला पैशात मोजावी लागेल (जुनी गादी, लहरी इंजिन), तो 'जशी आहे तशी' या शब्दांत बसतो. ज्याची किंमत जिवाने मोजावी लागू शकते, तो बसत नाही. मग तो विचारो वा न विचारो.

रेघ ओढणे सोपे होते. डोलकाठीला ताणून धरणाऱ्या तारा खाली ज्या स्टीलच्या पट्ट्यांना जोडतात त्यांना चेनप्लेट म्हणतात. आमच्या बोटीत त्या डेकमधून आत जातात. स्टेनलेस स्टील गंजत नाही ते त्यावरच्या एका अतिसूक्ष्म थरामुळे, आणि तो थर टिकायला हवा लागते. डेकच्या आत, जिथे ओल आहे पण हवा नाही, तिथे तेच स्टील खात जाते आणि तडकते. वरचा भाग आरशासारखा चमकत राहतो. गेल्या शरदात मी उजवीकडच्या तीन काढल्या. एकीला केसासारखा तडा निघाला. तिन्ही बदलल्या. डावीकडच्या काढायच्या तर आतले लाकडी पार्टिशनच उखडावे लागते, ते राहिले होते.

तेवढ्यात गिऱ्हाईक आले. तरुण जोडपे, सहा वर्षांचा मुलगा. बोट घेऊन बहामाजला जायचे मनात. सर्व्हेयरने चेनप्लेटबद्दल लिहिले, "दिसणारा भाग उत्तम." किंमत ठरली. मी घोळत होतो. सौ. म्हणाली, "अहो, सांगायचं तर सह्यांच्या आधी सांगा. चेक वटल्यावर सांगितलेलं खरं कोणाच्या कामाचं?" मी त्या दोघांना उजवीकडची तडकलेली पट्टी हातात दिली आणि डावीकडचे आपल्याला माहीत नाही, असे सांगितले. दोन दिवसांनी त्यांचा नकार आला. आभार मानून, अगदी सभ्यपणे.

आता बोट आमच्याकडेच. मुलीला ती नको आहे. मोडीत काढायची म्हटली तर फायबरग्लास वितळत नाही, सडत नाही. कापून कचऱ्यात टाकायचे पैसे आपणच द्यायचे. फ्रान्सने २०१९ पासून नव्या बोटींवरच त्यासाठी पैसे घ्यायला सुरुवात केली. इथे पुष्कळदा बोट एक डॉलरला कोणाच्या तरी गळ्यात मारतात, आणि शेवटचा मालक ती एखाद्या खाडीत सोडून देतो. तेही मला दोष लपवण्याच्याच जातीचे वाटते.

तेव्हा या हिवाळ्यात पार्टिशन उखडले. डावीकडच्या तीनपैकी दोन चेनप्लेट निघाल्या. भिंग लावून पाहिल्या, दोन्ही धडधाकट! मित्र म्हणाला, "बघ, उगाच गिऱ्हाईक घालवलंस." मी म्हटले, त्या दिवशी मला हे माहीत नव्हते, आणि मी विकत होतो ते ते न माहीत असणेच. त्याला हे पटलेले नाही. आमचा वाद चालू आहे. तिसरीचा बोल्ट जागेवर घट्ट अडकून बसला आहे. सध्या त्यावर तेल सोडून ठेवले आहे, शनिवारी पुन्हा पाना लावून बघणार.