नाव कोणाच्या तोंडचे?

माणसाला नाव कोण देतो असे विचारले तर कोणीही सांगेल, आईबाप देतात, आत्या देते. पण ही अर्धीच गोष्ट झाली. पाळण्यात नाव ठेवतात ती घरची माणसे; त्या नावाने पुढे जन्मभर हाक मारतो तो गाव. आणि आपल्या बापजाद्यांच्या वाट्याला आले ते गावाच्या तोंडचे नाव.

मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात बारशाचा नियमच घालून दिलेला आहे. ब्राह्मणाचे नाव मंगलवाचक असावे, क्षत्रियाचे बलवाचक, वैश्याचे धनवाचक आणि शूद्राचे निंदावाचक. दहाबारा दिवसांचे ते मूल! त्याने अजून कोणाचे बरे केलेले नाही की वाईट केलेले नाही. तरी त्याच्यासाठी निंदा तयार. २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली या ग्रंथाचे दहन झाले, तेव्हा हा नियमही त्यात होता.

यावर काही सुशिक्षित मंडळी म्हणतात, कचरू, दगडू, धोंडू, भिकू ही नावे जातीमुळे नव्हे. मुले जगत नसत, म्हणून दृष्ट लागू नये या भीतीने आईबापच अशी नावे ठेवीत. हे खोटे नाही. ही रीत सर्व जातींत होती. विधवांच्या शिक्षणासाठी झिजलेल्या आणि १९५८ साली भारतरत्न झालेल्या महर्षी कर्व्यांचे नाव धोंडोच होते. पण इथेच खरी मेख आहे. ब्राह्मणाच्या ओसरीवरचा धोंडा 'धोंडोपंत' झाला आणि महारवाड्यातला धोंडा मरेपर्यंत 'धोंड्या' राहिला. शब्द एकच, दगडही एकच! एकाला पंत, राव, जी. दुसऱ्याला नुसता 'या' आणि त्याच्यापुढे 'अरे'. साठ वर्षांच्या येसकराला पाटलाचे दहा वर्षांचे पोर एकेरीत हाक मारी. कोरेगावच्या स्तंभावर 'नाक' प्रत्ययाची नावे दगडात कोरलेली आहेत. पलटणीच्या हजेरीत जो शिपाई अशा पूर्ण नावाने उभा राहत होता, त्याच्या नावाचे गावच्या पारावर काय होत असेल हे मी सांगायला नको. तेव्हा विष शब्दात नव्हते, हाकेत होते.

भगवंताच्या विनयात हे फार बारकाईने पाहिलेले आहे. भिक्खूने भिक्खूला हिणवून बोलणे हा पाचित्तिय दोष सांगितला आहे आणि ज्या दहा गोष्टींवरून माणूस हिणवला जातो त्यांत जातीच्या पाठोपाठ नाव येते. त्याहून महत्त्वाचे असे की, नाव उत्तम असले, तरी हिणवण्याच्या हेतूने उच्चारले तर दोष लागतोच. महापरिनिब्बान सुत्तात हाकेचाही नियम आहे. ज्येष्ठ भिक्खूने कनिष्ठाला नावाने, गोत्राने किंवा 'आवुसो' म्हणून हाक मारावी. कनिष्ठाने ज्येष्ठाला 'भन्ते' किंवा 'आयस्मा' म्हणावे. ज्येष्ठता संघात आधी कोण आला यावर, जन्मावर नाही. केस कापणारा उपाली शाक्य राजपुत्रांच्या आधी दीक्षित झाला आणि त्या राजपुत्रांना त्याच्यापुढे वाकावे लागले.

१४ ऑक्टोबर १९५६ नंतर आपल्या घरांतून सिद्धार्थ, गौतम, राहुल, मिलिंद, सुजाता, संघमित्रा ही नावे निघू लागली. माझ्या वर्गाच्या हजेरीपटावर आज ती नावे आहेत. आता राहुल आणि सिद्धार्थ तर सगळ्याच जातींत आहेत, म्हणून नुसते पहिले नाव ऐकून ज्यांचे समाधान होत नाही ते 'पूर्ण नाव काय?' असे विचारतात. असो.

इथे एक शंका येईल, आणि ती याच शहरात यावी हे साहजिक आहे. बाबासाहेबांनी इथल्या महाविद्यालयाला मिलिंद आणि परिसराला नागसेनवन हे नाव दिले. त्याच नागसेनाने मिलिंद राजाला पहिल्याच भेटीत काय सांगितले? मला नागसेन म्हणतात खरे, पण तो केवळ व्यवहार आहे. या नावाआड कोणी कायमचा पुरुष सापडत नाही. जसे चाक, आस, जू यांच्या मेळाला रथ म्हणतात, तसेच हे. मग नाव हा निव्वळ संकेत असेल तर मराठवाडा विद्यापीठाच्या नावासाठी सोळा वर्षे लढायचे कशाला?

माझे उत्तर असे : नाव हा माणसांनी केलेला संकेत आहे म्हणूनच तो माणसांना बदलता येतो. मनूचे म्हणणे होते की ते जन्मातून येते. २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाने नामांतराचा ठराव केला आणि मराठवाड्यात आपल्या वस्त्या पेटवल्या गेल्या. टेंभुर्णीच्या पोचिराम कांबळ्यांना जीव गमवावा लागला. पेटवणाऱ्यांना संकेताचे मोल पक्के ठाऊक होते. ज्या तोंडांना धोंड्या म्हणायची सवय, त्यांना आता प्रत्येक पदवीपत्रावर डॉ. बाबासाहेब आंबेडकर हे नाव सन्मानाने वाचावे लागणार होते. १४ जानेवारी १९९४ ला ते नाव लागले, तेही 'मराठवाडा' कायम ठेवून.

आता आपल्या घरात पाहा. लग्नात ताटभर तांदूळ पसरून त्यात अंगठीने नवरीचे नवे नाव लिहिण्याची रीत आपली नव्हे. बौद्ध विवाहविधीत तिला जागा नाही. तरी पुंडलिकनगरपासून खेड्यापर्यंत आपल्यातलीही काही कुटुंबे ती हौसेने करतात. आपल्याला दुसऱ्याने दिलेले नाव नको होते ना? मग सुजाता नावाने दहावी झालेल्या, पदवी घेतलेल्या मुलीला एका संध्याकाळी प्रज्ञा का व्हावे लागते? नवे नाव बौद्ध आहे, हे उत्तर मला पटत नाही. तिचे पहिले नाव काय वाईट होते? कोणी विचारले तिला? पुढे नोकरीच्या अर्जावर 'उर्फ' लिहायचे, प्रतिज्ञापत्र करायचे, राजपत्रात जाहिरात द्यायची, ही धावपळ तिनेच करायची. शाळेत मुलाचा दाखला काढायला अशी आई येते, तेव्हा आईच्या नावाच्या रकान्यापाशी क्षणभर थांबते आणि विचारते, "सर, कोणतं लिहू?"