नाव परत करताना

उपवासकाळ आला की आपल्या धर्मग्रामांतून ओळखीची लगबग सुरू होते. राखेच्या बुधवारी कपाळी राख लागते, शुक्रवारी सायंकाळी क्रुसाच्या वाटेची भक्ती होते आणि पवित्र आठवडा जवळ आला की पापनिवेदनासाठी रांगा लागतात. पोप सहावे पॉल ह्यांनी १९६६ साली सक्तीचा उपवास राखेचा बुधवार व शुभ शुक्रवार ह्या दोन दिवसांपुरता ठेवला. तरीही काही वडीलधारी मंडळी चाळीसही दिवस एकवेळच जेवतात. त्यांच्याविषयी आम्हाला आदर वाटतो. परंतु जेवण सोडण्यापेक्षा दुसऱ्याचे घेतलेले परत करणे किती अवघड असते, हे आम्हाला ह्या वर्षी स्वानुभवाने उमगले.

जक्कयाची गोष्ट आपण लहानपणापासून ऐकतो. उंबराच्या झाडावर चढलेला तो बुटका जकातदार मुलांना आवडतो. पुढे घरी आलेल्या प्रभूसमोर उभा राहून तो, ज्याला लुबाडले त्याला चौपट परत करीन, असे बोलतो. तिकडे मात्र आपले लक्ष कमी जाते. ख्रिस्तसभेची शिकवण स्पष्ट आहे. पापक्षमेने पाप दूर होते, पण पापाने केलेली मोडतोड आपोआप दुरुस्त होत नाही. चोरलेले परत केले पाहिजे. संत थॉमस अक्वायनस ह्यांनी ह्या चोरलेल्या वस्तूंत माणसाचे नावही धरले आहे. खोटे बोलून कुणाची अब्रू घेतली असेल, तर आपण खोटे बोललो हे कबूल करून ती परत केली पाहिजे, असे ते सांगतात.

पण ज्याचे नाव घेतले त्यानेच क्षमा केली असेल तर? देणे फिटले काय?

१९९८ साली आम्ही एका धर्मग्रामात साहाय्यक धर्मगुरू होतो. दीक्षा होऊन जेमतेम वर्ष झाले होते. सेमिनरीतले तत्त्वज्ञान डोक्यात ताजे होते आणि माणसांची पारख शून्य होती. उपवासकाळातील एका वर्गणीत चौदाशे रुपये कमी भरले. पैसे मोजताना आमच्याखेरीज देवळाचा सॅक्रिस्टन तेवढा हजर होता. पवित्र आठवड्यातील सोमवारी बेथानीचे शुभवर्तमान वाचले जाते. त्यात थैली सांभाळणाऱ्या आणि तीतले पैसे काढणाऱ्या यहूदाचा उल्लेख आहे. त्यावर प्रवचन करताना, वेदीच्या अगदी जवळ वावरणारे हातही मळलेले असू शकतात, असे आम्ही म्हणालो. नाव घेतले नाही. त्या संयमाचा आम्हाला थोडा अभिमानही वाटला होता.

मे महिन्यात बाप्तिस्म्याची नोंदवही उघडली, तेव्हा पानांत ते पाकीट सापडले. वर अक्षर आमचेच होते.

त्याच संध्याकाळी आम्ही त्याच्या घरी गेलो. तो ओट्यावर बसून केळीच्या सोपाचे बंध काढीत होता. आम्ही क्षमा मागितली. "झालं गेलं, फादर," तो म्हणाला, "आता पुन्हा विषय काढलात तर ज्यांना ठाऊक नाही त्यांनाही कळेल." त्याने चहा दिला. आम्ही हलक्या मनाने परतलो. त्याचे ते वाक्य आम्ही त्याची इच्छा मानली. खरे तर ते आमच्या सोयीचे होते. पुढच्या वर्षी आमची बदली झाली.

शुभवर्तमानात पेत्राच्या बाबतीत एक गोष्ट विचार करण्याजोगी आहे. पुनरुत्थानाच्या दिवशीच प्रभू शिमोनाला दिसला, असे लूक एका वाक्यात सांगतो. त्या भेटीत काय बोलणे झाले, ते कुणीच लिहिले नाही. क्षमा तेथे झाली असावी, असे आम्हाला वाटते. मग तिबिर्याच्या किनाऱ्यावर, इतर सहा शिष्यांच्या देखत, तीन वेळा तोच प्रश्न विचारण्याचे काय प्रयोजन? योहान मुद्दाम सांगतो की तेथे कोळशांचा विस्तव होता. महायाजकाच्या अंगणातही तसाच विस्तव होता. 'सगळे अडखळले तरी मी अडखळणार नाही,' ही बढाई शिष्यांसमोर मारली होती आणि नकार लोकांसमोर दिला होता. एकांतातील क्षमेने पेत्राचे मन भरून आले असेल. पण चारचौघांत मोडलेले चारचौघांतच सांधावे लागले.

तो सॅक्रिस्टन २०१९ साली वारला. गेल्या वर्षी त्याच धर्मग्रामात आम्ही तप-साधनेची प्रवचने देण्यास गेलो असता एक मध्यमवयीन गृहस्थ सहज बोलून गेले, "त्या पैशांच्या भानगडीतला ना तो?" एकवीस वर्षे तो माणूस त्याच देवळात मेणबत्त्या लावीत राहिला होता, आणि त्याची ओळख ही उरली होती. धनको मृत झाला तर देणे वारसांना द्यावे, हेही संत थॉमस सांगतात. आम्ही त्याच्या मुलीकडे गेलो आणि जाहीर बोलण्याची परवानगी मागितली. नाव न घेता, केवळ प्रसंग सांगू, असेही सुचविले.

ती बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "नाव घेऊन सांगा, फादर. तेव्हा नाव घेतलं नव्हतं, म्हणूनच सगळ्यांनी ते ओळखलं."

ह्या पवित्र आठवड्यातील सोमवारी, तेथील प्रमुख धर्मगुरूंच्या अनुमतीने, आम्ही त्याच वेदीवरून त्याचे नाव घेतले. त्याने एक पैसाही घेतला नव्हता, पाकीट आमच्या हातून राहिले होते, आणि हे सांगण्यास आम्हाला इतकी वर्षे लागली, एवढेच बोललो. त्या १९९८च्या मिस्साला हजर असलेले फार थोडे जण आता उरले आहेत. पुष्कळ तरुणांना हे कशाबद्दल चालले आहे, तेच कळले नसावे. मुलगी तिसऱ्या बाकावर बसली होती; तिने मान वर केली नाही.

मिस्सानंतर एक वृद्ध गृहस्थ काठी टेकीत सॅक्रिस्टीत आले. दार लोटून घेत ते म्हणाले, "फादर, तुम्ही एकदा बोललात. मी मात्र ते वाडीभर सांगितलं. मी आता कोणाकडे जाऊ?"

आम्ही त्यांना त्या मुलीच्या घराचा रस्ता सांगितला. तो त्यांना ठाऊक होताच.