ऐकणारं एक माणूस

आज लिहायला बसण्याआधी थोडा वेळ नुसतं बसा. वही मिटलेलीच असू द्या, पेनाचं टोपण लागलेलं असू द्या. पहाट असली तरी उमरखेडला पूर्ण शांतता अशी नसतेच. एखाद्या देवळातून काकड्याचे अभंग येतात, अजान येते, नांदेडच्या रस्त्याला एसटीचा हॉर्न वाजतो, शेजारी कुणी बादली विसळतं. यातलं काहीही अडवू नका. प्रार्थनेला शांतता हवी असं लहानपणापासून ऐकत आलोय आपण, पण लिहिणाऱ्याच्या प्रार्थनेला हे आवाज हवेतच. ज्यांच्यासाठी लिहायचं, ती माणसं याच आवाजांत राहतात.

श्वास सावकाश होऊ द्या. मग एकच प्रश्न मनात धरा: मी जे लिहीन ते सगळ्यांत आधी कोणाच्या कानावर पडावं?

उत्तराची घाई नको. सुरुवातीला लांबचीच माणसं आठवतील. पुण्या-मुंबईचे संपादक, स्पर्धेचे परीक्षक, मोबाइलवरची अनोळखी मंडळी. त्यांना येऊ द्या, जाऊ द्या. अजून थोडं बसलात की जवळची माणसं येऊ लागतील. त्यांतल्या एकापाशी थांबा.

समजा, ती तुमची आई आहे. किंवा मावशी, किंवा तुमच्या मंडळीतली एखादी आजी, रविवारच्या उपासनेला कडेच्या बाकावर बसणारी. दसऱ्याच्या सुमाराला आपल्याकडे वेचणी सुरू होते आणि पुढे संक्रांतीपर्यंत हात मोकळा होत नाही. दिवसभर कमरेला ओटी बांधून ती कापूस वेचते. उललेल्या बोंडाची वाळकी टोकं टणक असतात. ती नखाच्या कडेला लागतात आणि तिथली कातडी चिरते. संध्याकाळी ती बोटांना खोबरेल तेल चोळते आणि त्याच हातांनी सूप घेऊन उद्याचे तांदूळ निवडायला बसते.

मनातल्या मनात तिच्याजवळ जाऊन बसा. काल लिहिलेली चार वाक्यं तिला वाचून दाखवा, रोज बोलता त्याच आवाजात. वाचताना तिच्या हातांकडे बघा. खडे वेचणारी बोटं चालू आहेत तोवर ती तुमचा मान राखते आहे. ज्या शब्दाला ती बोटं थांबतील, तो शब्द पोचला.

त्या शब्दापाशी आपणही थांबू.

ती थांबलेली बोटं हाच आजचा सण. मला हे मनापासून वाटतं, म्हणून स्पष्ट म्हणतो: नव्यानं लिहू लागलेल्या ख्रिस्ती माणसानं आपला आनंद छापून येण्यापर्यंत राखून ठेवू नये. छापून येणं चांगलंच आहे. ते होईल तेव्हा घरात गोडाधोडाचं करा, मंडळीत कृतज्ञतेची प्रार्थना करायला सांगा. पण त्याला महिने लागतात, वर्षं लागतात, आणि तोवर मन कोरडं पडत जातं. चार वाक्यं ऐकून कुणाचे तरी हात थांबणं मात्र आज संध्याकाळीही घडू शकतं.

आणि हे काही मनाचं समाधान करून घेणं नव्हे. मराठीतलं ख्रिस्ती लेखन आधी कानासाठीच जन्माला आलं. थॉमस स्टीफन्स हा इंग्लंडचा जेझुइट पाद्री १५७९ मध्ये गोव्याला पोचला, इथली भाषा शिकला आणि १६१६ मध्ये त्याचं ख्रिस्तपुराण राशोलला छापून झालं. अकरा हजारांच्या आसपास ओव्या. देवनागरीचे खिळे नव्हते म्हणून ते रोमन अक्षरांत छापलं गेलं, पण ते वाचून घ्यायचं पुस्तक नव्हतंच. रविवारी आणि सणावारी चर्चमध्ये एकानं वाचायचं आणि बाकीच्यांनी ऐकायचं, असं ते गावोगाव पोचलं. पुढे १६४९ आणि १६५४ मध्येही ते छापलं गेलं. या तिन्ही आवृत्त्यांची एकही छापील प्रत आज मिळत नाही. ते टिकलं लोकांनी हातानं उतरवून घेतलेल्या पोथ्यांत, आणि त्या पोथ्यांवरून १९०७ मध्ये मंगळूरला पुन्हा छापलं गेलं.

त्या उतरवून घेणाऱ्यांतला एक जण डोळ्यांपुढे आणा. दिव्याच्या उजेडात वाकून बसलेला. त्याचं नाव आपल्याला ठाऊक नाही. त्यानं आधी ते ऐकलं असेल, कुठल्या तरी ओवीला त्याचं चित्त थांबलं असेल, म्हणून तर एवढी मेहनत. त्याच्यासाठी देवाचे आभार माना. आपल्या परंपरेत लेखकाइतकाच तोही पूर्वज आहे.

आता काकड्याकडे परत कान द्या. अभंगाची चाल उमरखेडच्या माणसाच्या अंगात जन्मापासून भिनलेली असते, तो कुठल्याही धर्मात वाढला तरी. ती परकी समजू नका. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनीही ती परकी समजली नाही. विदर्भाशी त्यांचं नातं जुनं. नागपुरात ते राहिले, आणि १८९३ मध्ये नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत एका युरोपियन प्रवाशानं त्यांच्या हातात नवा करार ठेवला. १० फेब्रुवारी १८९५ला मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असं ते सांगत. म्हणून त्यांनी ख्रिस्ताचे अभंग लिहिले, कीर्तनं उभी केली, आणि त्यांची गीतं आज मराठी मंडळ्यांत अशी माणसंही गातात ज्यांना कवीचं नाव ठाऊक नसतं. गाताना त्यांचे डोळे भरतात. कवीला याहून वेगळं काय हवं असतं?

तर आता बोटांवर मोजा. मोठ्या अभंगाचे चार चरण; पहिल्या तीन चरणांत सहा-सहा अक्षरं, चौथ्यात चार. दुसऱ्या-तिसऱ्या चरणाचं यमक जुळवायचं. एवढंच. गेल्या दिवसातला एक लहानसा उपकार आठवा. नळाला आलेलं पाणी, परत मिळालेले उसने पैसे, लेकराचा उतरलेला ताप. त्यातला एकच घ्या आणि बावीस अक्षरांत बसवून बघा. ‘ताप उतरला, लेकरू हसले, अंगणी बसले, ऊन खाया.’ झालं. यात देवाचं नाव कुठे नाही, आणि ही उपकारस्तुतीच आहे. प्रत्येक ओळीत प्रभूचं नाव आलं नाही तर लेखन ख्रिस्ती ठरणार नाही, ही भीती नव्या लेखकाला फार छळते. ती या उन्हात ठेवून द्या. अंगणात बसलेलं लेकरू नीट दिसलं, तर ते कोणी बरं केलं हे ऐकणाऱ्याला कळतं.

पुन्हा एकदा मोजा. मनात नको, ओठ हलवून. अक्षर कमी-जास्त झालं तर कान सांगेल.

आता थोडं जड काही हाती घेऊ. तुमच्या वहीत एखादं अपुरं पान असेल. लिहायला घेतलं आणि घरात कुणी आजारी पडलं, हळद शिजवायचे दिवस आले, दुकान उघडायची वेळ झाली, आणि राहिलं ते राहिलं. त्या पानावर हात ठेवा. त्याच्याकडे बघताना मनात जी टोचणी येते, ती येऊ द्या.

आणि लक्ष्मीबाई टिळकांना आठवा. त्या शाळेत वाढलेल्या नव्हत्या. लिहिणं-वाचणं लग्नानंतर आलं. नवऱ्यानं धर्म बदलला तेव्हा ताटातूट सोसली, पुढे १९०० मध्ये स्वतःच्या विचारानं बाप्तिस्मा घेतला. घरात सतत माणसांचा राबता. बालकवी ठोंबरे त्यांच्याच घरी राहून गेले. टिळकांनी ख्रिस्तायन हे महाकाव्य लिहायला घेतलं होतं, ते ९ मे १९१९ला गेले आणि काव्य अपुरं राहिलं. पुढचे अध्याय लक्ष्मीबाईंनी लिहिले. त्यांची स्मृतिचित्रे १९३४ पासून भागाभागांनी येऊ लागली आणि मराठी आत्मचरित्राला वेगळाच आवाज मिळाला, ओट्यावर बसून सांगितल्यासारखा. मला त्या पुस्तकाचं मोठेपण याच्यात दिसतं की कोणतंही पान उघडून मोठ्यानं वाचलं, तर जीभ अडखळत नाही.

म्हणजे अपुरं पान हे अपयश नाही, असं तुमच्यापुरतं मनाशी धरा. ते दुसऱ्या हाताची वाट बघत असेल. आणि तो दुसरा हात कदाचित तुमचाच, पाच वर्षांनी मोठा झालेला.

अजून एक पान असतं, हरवलेलं. भिजलेलं, रद्दीत गेलेलं, फोनमधून उडालेलं. त्याच्यासाठी यिर्मयाच्या पुस्तकातला छत्तिसावा अध्याय काढा. सावकाश वाचा. यिर्मया सांगतो आणि बारूख गुंडाळीवर लिहून घेतो. बारूख ते मंदिरात लोकांना वाचून दाखवतो. मग सरदार त्याला बोलावतात, बसवून घेतात आणि पुन्हा वाचायला लावतात. ऐकून ते घाबरतात, आणि मग विचारतात तो प्रश्न अगदी माणसासारखा आहे: हे सगळं तू लिहिलंस तरी कसं? बारूख सांगतो, त्यांनी तोंडानं सांगितलं, मी शाईनं लिहिलं. तेवढंच. तिसऱ्यांदा ते राजापुढे वाचलं जातं. नववा महिना, थंडीचे दिवस, यहोयाकीम राजापुढे शेगडी पेटलेली. वाचणारा तीन-चार रकाने वाचतो, की राजा तेवढा भाग चाकूनं कापून निखाऱ्यांवर टाकतो. असं करत सगळी गुंडाळी जळते.

इथे थांबा. कापलेला तुकडा आगीत कसा आक्रसतो ते बघा. बारूखच्या किती दिवसांची मेहनत ती.

मग पुढचं वाचा. दुसरी गुंडाळी घे, असं यिर्मयाला सांगणं येतं. तो पुन्हा सांगतो, बारूख पुन्हा शाईनं लिहितो, आणि जळलेलं सगळं तर त्यात येतंच, शिवाय तशाच आणखी बऱ्याच गोष्टींची भर पडते. तुमचं हरवलेलं पान मनाशी आणा आणि त्यातलं जे आठवेल ते आत्ताच, हळू आवाजात, स्वतःला सांगा. कुणी लिहून घेणारं जवळ असेल तर फारच बरं. घरातल्या शाळकरी पोराला वही द्या आणि तुम्ही सांगा. दोघांचीही संध्याकाळ चांगली जाईल.

मराठीतलं ख्रिस्ती लेखन हे वसईचं, नगरचं काम, आपण कुठले, असं मनात येत असेल तर तेही बाजूला ठेवू नका, नीट बघा. वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो जानेवारी २०२० मध्ये उस्मानाबादच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले, त्याचा अभिमान आपल्यालाही वाटलाच. पण आपल्याच जिल्ह्यात, यवतमाळला, १९५३ पासून १९८३ पर्यंत युनियन बिब्लिकल सेमिनरी होती. ती पुण्याला हलेपर्यंत देशभरातले विद्यार्थी इथं शास्त्र शिकून गेले. पैनगंगेच्या या अंगाला, वऱ्हाडी आणि मराठवाडी बोली एकमेकींत मिसळतात तिथं बसून शुभवर्तमान कसं सांगता येईल, हे वसईचा लेखक लिहू शकणार नाही. ते तुमच्याकडे आहे.

याचा पुरावा नाताळात मिळतो. डिसेंबर लागला की मंडळीतलं कुणीतरी म्हणतं, तुमचं मराठी चांगलं आहे, पोरांना नाटिका लिहून द्या. पैसे नसतात, नाव पुकारलं जाईलच असं नाही. लिहून द्या. मेंढपाळांच्या तोंडी तुम्ही घातलेलं असतं, ‘चला, आपण बेथलेहेमास जाऊन हे पाहू या.’ आणि खांद्यावर घोंगडी टाकलेला आठ वर्षांचा पोरगा, संवाद विसरून, सरळ म्हणतो, ‘चला बाप्पा, पाहून तं येऊ!’ लोक हसतात, आणि हसता हसता सगळेच त्याच्याबरोबर निघालेले असतात. ते वाक्य घरी येऊन वहीत उतरवून घ्या, पोराच्या नावासकट.

नावांवरून शेवटचं एक. रोमकरांस पत्राचा सोळावा अध्याय बहुतेक जण भराभर वाचून टाकतात, कारण त्यात नुसती माणसांची नावं आहेत. तुम्ही तो लिहिणाऱ्याच्या नजरेनं वाचा. फीबी आहे, प्रिस्क आणि अक्विला आहेत, रूफ आहे आणि त्याची आई, जी पौलाचीही आईच झाली होती. आणि या सगळ्यांच्या मधे, पौलाचा मजकूर उतरवून घेणारा तर्तिय अचानक स्वतःच्या नावानं एक ओळ लिहितो आणि सगळ्यांना सलाम सांगतो. एवढ्या मोठ्या पत्रात त्याची स्वतःची तेवढी एकच ओळ.

तुमच्या वहीचं शेवटचं पान कोरं असेल. तिथं वर आजची तारीख घाला. तुमचं लिहिलेलं ज्यांनी ज्यांनी बसून ऐकलं त्यांची नावं त्या पानावर येत जातील, पुढे-मागे छापलं गेलं तरी आणि नाही गेलं तरी. पहिलं नाव संध्याकाळी, वाचून झाल्यावर लिहा.