उसने विरजण

हैदराबादला मुसा नदीकाठच्या सालारजंग संग्रहालयात नातीला घेऊन गेलो होतो. जपानी दालनात एका फुलदाणीपुढे ती थबकली आणि पहारेकऱ्याला म्हणाली, ‘चाला बागुंदि!’ तिच्या मराठीतही हल्ली तेलुगू, उर्दू शब्द सर्रास येतात. मनात नेहमीची बोच उठली : दुसऱ्याचे इतके घेतले, तर आपले असे काय उरणार?

तिथेच मला चित्रकार वासुदेव गायतोंडे आठवले. घराणे गोव्याचे, जन्म १९२४ सालचा, नागपूरचा. शिक्षण मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये. त्याच १९२४ साली नंदलाल बोस रवींद्रनाथांबरोबर चीन-जपानचा प्रवास करून आले. नंदलालांच्या चित्रांत तिकडची शाई आणि कुंचला डोळ्यांना दिसतो. गायतोंड्यांचे तसे नाही. १९५७ साली टोकियोच्या तरुण आशियाई चित्रकारांच्या प्रदर्शनात त्यांना पारितोषिक मिळाले. झेन विचारही त्यांच्यात खोल मुरला. पण त्यांच्या चित्रांत फुजी पर्वत शोधू जाल तर सापडणार नाही. रोलरने आणि सुरीने चढवलेले, खरवडलेले रंगांचे थर, आणि मौन, एवढेच.

मग ते जपानचे की आपले? ‘झेन’ हा शब्दच आपल्या ‘ध्यान’चे चीनमार्गे बदललेले रूप. तेव्हा कोणी कोणाचे घेतले, याचा हिशेब कुठवर मांडायचा?

तिसऱ्या सालारजंगांनी पैसे मोजून वस्तू जमवल्या. गायतोंड्यांनी मोजलेले मोल निराळे होते. चित्रातून आधी मनुष्याकृती गेली, मग ओळखीचे आकार गेले. वर्षाकाठी मोजकीच चित्रे हातून उतरली. घेतलेले आपले होते ते अशा झिजण्याने, असे मला वाटते.

आपल्या घरांत विरजण शेजारणीकडून आणतात. म्हणून दही काही शेजारणीचे होत नाही. दूध आपले असते. मात्र घरात दूधच नसेल, तर ते चमचाभर विरजण काय करणार?

म्हणजे माझी तक्रार तेलुगूविरुद्ध नव्हतीच. जिथे तिथे परक्या शब्दांकडे बोट दाखवणे सोपे, आपल्या चुलीवरचे पातेले रिकामे का, हे विचारणे अवघड. नात फुलदाणीपाशी रमली होती. मी मात्र तिला मराठीत शेवटची गोष्ट कधी सांगितली, ते आठवत उभा होतो. आठवेना.