उरलेल्या तुकड्यांचें दुपटें

उरलेल्या वस्तूचें दान हें दान म्हणावें कीं नाहीं, हा प्रश्न जुना आहे. पंगत उठल्यावर राहिलेलें अन्न दारीं आलेल्यास देणारा मनुष्य आपणांस दाता म्हणवूं लागला, तर ऐकणारास हंसूं येतें. कारण जें त्याला नकोच होतें तेंच त्यानें दिलें. हाच न्याय शेजारणीच्या तान्ह्या मुलासाठीं तुकड्यातुकड्यांचें दुपटें शिवणाऱ्या बाईस लावावा काय? कापड उरलेलें, वेळ कामांतून उरलेला, आणि शिवणहि घाईनें उरकलेली. मग तिनें दिलें तें काय?

उत्तर देण्यापूर्वीं तें दुपटें होतें कसें तें पाहूं. सहा इंची चौकोन कापावे. चहूं बाजूंनीं पाव पाव इंच शिवणींत जातो, म्हणून जोडल्यावर प्रत्येकाचे साडेपांच इंच दिसतात. आडवे ६ व उभे ७ असे ४२ तुकडे जोडले म्हणजे ३३ इंच रुंद व साडेअडतीस इंच लांब असें दुपटें होतें. नक्षी जुळवीत बसण्याचें कारण नाहीं. एकाच रंगाचे दोन तुकडे शेजारीं येऊं न दिले म्हणजे पुरे. आंत जुनें मऊ धोतर, खालीं एक अखंड कापड, आणि तिन्ही थर धरून ठेवणारा साधा धांवदोरा.

येथवर घाई चालते. पुढें मात्र ती चालत नाहीं. नवें सुती कापड पहिल्या धुण्यांत आटतें, आणि लाल व गडद निळा रंग पुष्कळदां सुटतो. तो तुकडा भिजवून पांढऱ्या फडक्यावर घासून पाहिल्यावांचून घेऊं नये, कारण तान्हें मूल हातीं लागेल तें तोंडांत घालतें. दोऱ्याच्या गांठी आंत दडवाव्या. सुटलेला धागा कोंवळ्या बोटाभोंवतीं आवळला, तर बोटाचें रक्त अडतें. टिकली, आरसा किंवा गुंडी लावूं नये. सुया जितक्या घेतल्या तितक्या परत मोजाव्या. आणि वर्षाच्या आंतील मुलाच्या निजण्याच्या जागीं सैल पांघरूण ठेवूं नये, असें आजचे बालवैद्य सांगतात. म्हणून हें दुपटें मूल जागें असतांना खेळावयास त्याच्याखालीं अंथरावें, हें मुलाच्या आईस सांगणें देणारीकडेच येतें.

आतां मूळ प्रश्नाकडे वळूं. मोठ्या मनुष्यास वाईट वस्तु दिली, तर तो निदान पाठीमागें तरी बोलतो. तान्हें मूल रडतें, परंतु कां रडतें तें त्यास सांगतां येत नाहीं. त्याच्या वतीनें वस्तु पारखणारें देणारीवांचून कोणी नाहीं. तेव्हां तिनें कापड दिलें हें खरें, पण तें थोडें. पांढऱ्या फडक्यावर तुकडा घासतांना आणि सुया दोनदां मोजतांना तिनें त्या मुलाचें जें पाहिलें, तें उरलेलें नव्हतें. माझ्या मतें कसोटी एकच आहे: हेंच दुपटें तिनें आपल्या मुलाखालीं अंथरलें असतें काय? अंथरलें नसतें, तर पेठेंतून मोल देऊन आणलेलेंहि दान नव्हे.

एक अडचण मात्र राहते, आणि ती लहान नाहीं. ज्यांच्या घरीं शिवणाचें काम चालतें त्यांच्या कोपऱ्यांत कातरणाची पिशवी असते. त्यांतले तुकडे कोणाचे? बोटभर पट्टीविषयीं कोणी विचारीत नाहीं. परंतु लहान मुलीच्या झग्याची बाही निघेल एवढें कापड राहिलें, तर तें गिऱ्हाइकाचेंच आहे. कात्री फिरली म्हणून धनी बदलत नाहीं. त्यास विचारावें, बहुतेक लोक आनंदानें ठेवा म्हणतील. आणखी एक प्रकार आहे, तो सांगावयास लाज वाटते. हात आखडून कापावें, गिऱ्हाइकाची चोळी काखेंत दाटावी, आणि तुकडा मोठा राहावा. तें कापड उरलें नाहीं, उरविलें. त्याचें दुपटें अनाथ मुलास दिलें तरी शिवणारणीनें तें दुसऱ्याच्या खर्चानें दिलें.

गंमत अशी कीं, उरविणें हीच गोष्ट आपल्या मालाची असली म्हणजे तिचा अर्थ पालटतो. लेवीय पुस्तकाच्या १९ व्या अध्यायांत शेताचा कोपरा सगळा कापूं नये, सरवा वेंचूं नये, तो गरिबास व परक्यास राहूं द्यावा, असा नियम आहे. तेथें धनी आपलेंच पीक हात आखडून कापतो. पंगतीनंतरच्या अन्नांत आणि ह्या सरव्यांत हाच भेद आहे. स्वतःच्या लुगड्याचा धड भाग पाहून जी बाई तो आधींच बाजूस काढून ठेवते, ती शेताचा कोपराच राखते.

उत्तर कन्नड जिल्ह्यांत सिद्दी लोक राहतात. त्यांचे पूर्वज आफ्रिकेंतले. त्यांपैकीं पुष्कळांस पोर्तुगीजांनीं गुलाम म्हणून गोव्यास आणलें होतें. त्यांच्या बायका जुन्या कपड्यांच्या तुकड्यांच्या गोधड्या शिवतात; त्यांस कवंदी म्हणतात. त्या काठापासून आरंभ करितात आणि फेरे घालीत मध्यावर येऊन मिळतात. वर मीं नक्षीचें कारण नाहीं असें लिहिलें. ह्या बायकांस तें पटणार नाहीं. चारी कोपऱ्यांस रंगीत चिंधीच्या घड्या घालून केलेलें एकेक फूल बसविल्यावांचून त्या कवंदी पुरी झाली असें मानीत नाहींत. त्या फुलांनीं ऊब तिळभरहि वाढत नाहीं.